अ वर्गातले बटाटे

बटाटा हा फार सोशिक जीव आहे, कुठेही टाका, बिचारा पडून राहतो, असा एक समज आहे. हा समज ज्याने पसरवला त्याने आयुष्यभर पिशवीभर बटाटे आणून चार दिवसांत संपवले असणार. ज्याला घरचे पाच पोती बटाटे सगळा हिवाळा टिकवायचे आहेत त्याने मला येऊन भेटावं. मी त्याला खुर्ची देईन, चहा देईन आणि तो बोलायला लागला की मधे तोंड घालणार नाही.

पाच पोती ऐकून मला कोणी शेतकरी समजू नये. मी पाणीपुरवठा कचेरीच्या रेकॉर्ड रूमचा कारकून. बटाटे माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे. अण्णाही शेतकरी नव्हेत, चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले. आई गेल्यावर त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि दीड वर्ष खिडकीजवळच्या खुर्चीत काढलं. काहीही सुचवा, उत्तर एकच, "माझं काय, आज आहे उद्या नाही." नवा चष्मा करू म्हटलं तरी हेच आणि केस कापून घ्या म्हटलं तरी हेच. मग एके दिवशी बायकोच्या हलगर्जीपणामुळे (हा शब्द माझा, तिच्यासमोर मी वापरत नाही) टोपलीच्या तळाशी दहाबारा बटाट्यांना कोंब फुटले. ती ते फेकायला निघाली तर अण्णा खुर्चीतून उठले, टोपली घेतली आणि इमारतीच्या मागे, भिंतीलगतच्या रिकाम्या पट्ट्यात गेले. खांद्यावर मोजपट्टी होती. दोन रोपांत किती अंतर ठेवायचं ते त्यांनी पट्टीने मोजलं आणि खडूने भिंतीवर खुणा केल्या. बाजारातून आणखी बी आणलं, उन्हाळाभर पाणी घातलं आणि थंडीच्या तोंडावर पाच पोती निघाली.

पोती दारात लागली तेव्हा अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चार खायला, एक बियाण्याला. पुढच्या वर्षी पट्टा पूर्ण भरू."

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. 'पुढच्या वर्षी' हे शब्द दीड वर्षांत या घरात त्यांच्या तोंडून आले नव्हते. त्या आनंदाच्या भरात मी म्हणून बसलो की अण्णा, सांभाळायचं माझ्याकडे लागलं. अण्णांनी मान डोलावली. नाहीतरी जुन्या गोष्टी सांभाळण्याचाच तू पगार घेतोस, असंही म्हणाले. बियाण्याचं पोतं टिकलं तर अण्णांना पुढचं वर्ष होतं आणि नाही टिकलं तर पुन्हा ती खुर्ची होती, हे मला त्याच क्षणी पक्कं कळलं. यापेक्षा मोठी जबाबदारी कचेरीने माझ्यावर सव्वीस वर्षांत टाकलेली नाही.

जबाबदारी आली की मी आधी स्वच्छतेला लागतो. रविवारी अण्णा दुपारचे झोपले असताना मी पाचही पोती न्हाणीघरात ओतली आणि एकेक बटाटा ब्रश मारून धुतला. डोळ्यांतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशाने काढली. सगळे बटाटे बैठकीत चादरीवर मांडले तेव्हा ते इतके झळकत होते की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावेत असं वाटलं, आणि दोघांना मी बोलावलंही. तेवढ्यात अण्णा उठून आले. त्यांनी एक बटाटा उचलला, अंगठा फिरवला.

"धुतलेस?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि परत आत गेले.

चाळीस वर्षांत एखाद्या कारागिराने माप न घेता महागाचं कापड कापलं असेल तर तेव्हाही ते असंच 'बरं' म्हणाले असतील. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई निवृत्त असल्या तरी त्यांचा तास संपलेला नाही. त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं की मातीचा थर हे बटाट्याचं पांघरूण असतं, धुतलेला बटाटा ओलीने सडतो आणि एक सडला की शेजाऱ्याला घेऊन जातो. मग पुढचे दोन दिवस आमच्या घरातले सगळे पंखे, टॉवेल आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र बटाट्यांच्या सेवेत होतं. बायको ओल्या केसांनी कामावर गेली. जाताना तिने दार जरा जोरात लावलं.

वाळवून झाल्यावर प्रश्न आला जागेचा. याबाबतीत सल्ला देणार नाही असा माणूस इमारतीत निघाला नाही. बाई म्हणाल्या, अंधार हवा, गारवा हवा, वारा हवा, आणि कांदा जवळपास नको. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, वाळूत पुरा. त्यांच्या बायकोने सांगितलं, सफरचंद मधे ठेवा. डॉक्टर म्हणाले, सफरचंद अजिबात नको. पुढचा अर्धा तास ते दोघं आमच्या बैठकीत भांडले आणि बटाट्यांचा विषय त्यांच्या लग्नापर्यंत गेला. मी ऐकत राहिलो, कारण मधे पडून शहाणा झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पलंगाखाली ठेवून पाहिले, तर खोली उबदार, आठवड्यात डोळे फुगायला लागले. बाल्कनीत ठेवले, तर उजेडाने हिरवे पडण्याची भीती. म्हणून पोती लांबट रचून त्यावर अण्णांची जुनी गोधडी घातली आणि एका टोकाला वाऱ्याने उडू नये म्हणून उशी ठेवली. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतून एक अनोळखी बाई सूप घेऊन आल्या आणि दारातच मला म्हणाल्या की म्हाताऱ्या माणसाला एवढ्या थंडीत बाहेर झोपवणं बरं दिसत नाही, आपल्यालाही एक दिवस म्हातारं व्हायचंय. मी समजावून सांगेपर्यंत जिन्यात चारजण जमले होते. शेवटी अण्णा स्वतः बाहेर आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि सूप पिऊन टाकलं. तरीही पुढचा महिनाभर समोरच्या इमारतीतले लोक माझ्याशी बोलताना जरा आखडूनच होते.

राहिली जिन्याखालची जागा. ती अंधारी, गार आणि हवेशीर आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या ताब्यात आहे. सेक्रेटरींनी मला छापील अर्ज दिला. वस्तू ज्वालाग्राही आहे काय, नाही. वस्तूस चाके आहेत काय, नाहीत. वस्तू सजीव की निर्जीव. इथे माझं पेन अडलं. मी सरळमार्गी माणूस आहे, अर्जात खोटं लिहिणं मला जमत नाही. बराच विचार करून मी लिहिलं, 'सध्या निर्जीव, वसंतात सजीव.'

सेक्रेटरींनी ते तीनदा वाचलं. सजीव असेल तर पाळीव प्राण्यांचा नियम लागतो, त्याला अठराही बिऱ्हाडांची लेखी संमती लागते आणि लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, मग निर्जीव लिहितो. ते म्हणाले, आता तुम्ही लिहून दिलंय, मी डोळ्यांआड कसं करू. संमतीच्या सह्या मी सतरा मिळवल्या. अठरावं बिऱ्हाड सेक्रेटरींचं स्वतःचं होतं, आणि ते म्हणाले की मीच अर्ज तपासणारा, मीच सही कशी करू.

अशा वेळी माणसाला आपली खरी जागा आठवते. माझी जागा म्हणजे कचेरीचं तळघर. जाड भिंती, वर जाळीचे झरोके, बारा महिने गारवा, दिवा मी गेलो तरच लागतो. सव्वीस वर्षांत तिथला एक कागद सडलेला नाही. सरकारी जागेत खासगी बटाटे ठेवणं योग्य की अयोग्य, यावर मी घरापासून कचेरीपर्यंत प्रवासभर विचार केला आणि कचेरी आली तेव्हा माझ्या पिशवीत आठ किलो बटाटे होते. तीन आठवडे मी रोज जड पिशवी घेऊन आत जात होतो आणि हलकी घेऊन बाहेर येत होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला उलटं झालं तर काय करायचं तेवढंच शिकवलेलं, त्यामुळे तो मला सलाम करत राहिला.

इथपर्यंत दुसरं कोणीही असतं तर निभावून गेलं असतं. पण मी पडलो रेकॉर्डचा माणूस. बटाटे खोक्यांत भरून फडताळावर ठेवले आणि ती कोरी खोकी मला बघवेनात. नोंद नसलेलं खोकं फडताळावर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. दोन दिवस मी जेवलो नाही धड. तिसऱ्या दिवशी खोक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, क्रमांक घातले आणि रजिस्टर उघडलं. विषय: मागील पट्ट्यातील उत्पन्न. कालावधी: चालू वर्ष. खाण्याच्या बटाट्यांना मी ड वर्ग दिला, म्हणजे मुदतीनंतर नष्ट करायचे, आणि ते आम्ही रोज थोडे थोडे नेऊन नष्ट करतच होतो. पण बियाण्याची दोन खोकी हातात घेतली तेव्हा अण्णांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ड लिहायला हात धजेना. मी त्यांना अ वर्ग दिला: मूळ प्रत, कायम जतन, अत्यंत महत्त्वाचे.

अर्धा हिवाळा छान गेला. घरी बटाट्याचे जितके प्रकार बायकोला येत होते तितके झाले, मग न येणारेही झाले. अण्णा रोज विचारत, बी कसं आहे, आणि मी रोज सांगत असे, एकदम ठणठणीत. त्यांनी कपड्यांचे नमुने कापायच्या खाकी कागदावर पट्ट्याचा आराखडा काढला होता आणि तो भिंतीला लावला होता. एवढंच नाही, एके दिवशी ते आपणहून म्हणाले की चष्मा बदलावा म्हणतो, कोंब नीट दिसायला हवेत. मी लगेच दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

इकडे तळघरात माझा रविवारचा धुण्याचा पराक्रम फळाला आला होता. ड वर्गाच्या एका खोक्याच्या तळाशी एक बटाटा सडला आणि भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं तसंच त्याने शेजाऱ्यांना सोबत घेतलं. वास वरपर्यंत गेला. आमच्या साहेब म्हणजे एक बाई आहेत, वयाने माझ्याहून लहान आणि शिस्तीने मोठ्या. त्यांनी तळघराच्या दारातूनच निदान केलं की जुने कागद कुजायला लागले आहेत. मी ते खोकं गुपचूप हलवलं, पण त्यांचा आदेश त्याआधीच निघाला होता: सर्वांत महत्त्वाचे अभिलेख तातडीने स्कॅनिंग केंद्रात पाठवावेत, अ वर्गापासून सुरुवात करावी.

गाडी आली ती नेमकी माझ्या रजेच्या दिवशी, आदेश माझ्या टेबलावर पोचण्याआधीच. मी आणि अण्णा चष्म्याच्या दुकानात लहान अक्षरं वाचत होतो, आणि तिकडे पुढचं वर्ष गाडीत चढत होतं.

दुसऱ्या दिवशी रिकामं फडताळ दिसलं. केंद्राला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की स्कॅनिंग होऊन पानं मोजून झाल्याशिवाय एकही खोकं परत मिळत नाही. मी म्हटलं, त्या दोन खोक्यांत पानं नाहीत. तो म्हणाला, मोजल्याशिवाय कसं सांगणार. यावर मी फोन ठेवला, कारण त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. असे तीन आठवडे गेले. अण्णा रोज विचारत होते आणि मी रोज ठणठणीत म्हणत होतो, फक्त आता ते म्हणताना मी पेपर तोंडासमोर धरत असे.

मग केंद्राचं पत्र आलं आणि साहेबांनी मला वर बोलावलं. पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. खोका क्रमांक ४१७ व ४१८, पाने शून्य, नग एकशे त्रेचाळीस, तरी खुलासा व्हावा. मी सगळं सांगितलं. अण्णांची खुर्ची, पोती, गोधडी, सेक्रेटरी, काही राखून ठेवलं नाही. साहेबांनी रजिस्टर मागवलं, माझी नोंद वाचली, खोक्यांचे क्रमांक पडताळले.

"नोंद बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वर्ग चुकलाय."

मी म्हटलं, चुकला. त्यांनी पत्राची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरी तो चुकलेला नसेल, पण इथे चुकलाय. उद्या स्वतः जाऊन घेऊन या." मला लेखी ताकीद मिळाली. ती रेकॉर्डला लावायचं कामही माझंच असल्यामुळे मी ती व्यवस्थित पंच करून लावली.

आता अण्णांना सांगणं भाग होतं. साहेबांपुढे माझा आवाज कापला नव्हता, तो सकाळी चहाच्या टेबलावर कापला. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, सांगून टाका एकदा. मी सांगितलं. अण्णांनी कप खाली ठेवला. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते आणि मी त्या खुर्चीकडे बघत होतो. आता ते उठतील, तिकडे जाऊन बसतील आणि ते नेहमीचं वाक्य म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

"तिथे उजेड असतो?" त्यांनी विचारलं.

"असणार. यंत्रं असतात."

"आणि उबदार?"

"यंत्रांमुळे थोडं असेल."

अण्णा उठले. खुर्चीकडे नाही, दाराकडे गेले आणि बूट चढवायला लागले. "मग चल लवकर," म्हणाले. "कोंब जास्त वाढले तर लावताना मोडतील."

स्कॅनिंग केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाई आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बाई माझ्याच जातकुळीतल्या निघाल्या. खोक्यातली प्रत्येक वस्तू बाहेर काढून सुटी ठेवायची असा नियम, म्हणून त्यांनी एकशे त्रेचाळीस बटाटे खिडकीखालच्या ट्रेंमध्ये एकाशेजारी एक मांडले होते. पान क्रमांक घालायचा असा नियम, म्हणून प्रत्येकावर आकड्याचा छोटा कागद चिकटवला होता. आणि बहुतेक प्रत्येकाच्या डोक्यावर आखूड, जाडजूड, हिरवट कोंब उभे होते. बाई मला म्हणाल्या की मूळ प्रतीची स्थिती खराब झाली याचं वाईट वाटतं, पण आमच्याकडे आल्यावर झाली हे त्या लिहून देऊ शकणार नाहीत.

अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, वाकले आणि एक कोंब मोजला. मग दुसरा. मग ओळीने मोजतच गेले. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो.

"अरे," ते वर बघून म्हणाले, "तुझ्या त्या तळघरात यांना हातभर लांब पांढरे दोरे फुटले असते. लावायच्या आधी बियाण्याला महिनाभर असाच उजेड लागतो. मी तुला सांगणारच होतो की आता कचेरीतल्या खिडकीत काढून ठेव. पण तू रोज ठणठणीत म्हणायचास, म्हटलं ठेवलं असेल याने."

एवढं म्हणून ते बाईंकडे वळले आणि त्यांचे हातमोज्यांसकट दोन्ही हात धरून म्हणाले की ताई, असं जपणं माझ्या पोराला जमलं नसतं. बाई लाजल्या. माझा अपमान झाला होता हे मला कळत होतं, पण इतका आनंद देणारा अपमान माझ्या वाट्याला पूर्वी आलेला नाही. पोचपावतीवर मी एकशे त्रेचाळीस नग चांगल्या स्थितीत मिळाले असं लिहिलं आणि सही केली. अण्णा तोवर बाईंबरोबर कुठेतरी मागच्या दाराने बाहेर गेले होते.

परत येताना बसमध्ये त्यांच्या मांडीवर एक खोकं आणि माझ्या मांडीवर एक. धक्का बसला की ते खोक्यावर हात आडवा धरत. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले की आपल्या पट्ट्यात नव्वदच्या वर बसत नाहीत, त्रेपन्न उरतात. मी म्हटलं, उरले तर खाऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा काहीतरी धुतलंय.

"त्या केंद्राच्या मागे मोकळी जमीन आहे," ते म्हणाले. "भुसभुशीत, ऊनही चांगलं. मी बघून आलो. यंदा हे त्रेपन्न तिथे लावता येतात का, असं त्या ताईंना विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"अर्ज करावा लागेल म्हणाल्या. वरून मंजुरी यायला वर्ष तरी जाईल. यंदाचं राहिलं." त्यांनी खोकं जरा जवळ ओढून घेतलं. "म्हटलं, जाऊ दे की वर्ष. मी कुठे चाललोय."